जुन्या कॅसेटवरचं टीव्ही रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घ्यायची यूएसबी कॅप्चर स्टिक, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

पहिल्यांदा निकाल सांगते, मग बाकीचं. घरात व्हीएचएस कॅसेट पडून असतील आणि त्यांच्यावर कधीकाळी टीव्हीवरनं काही रेकॉर्ड करून ठेवलेलं असेल तर ही हजाराच्या आत मिळणारी यूएसबी कॅप्चर स्टिक घ्या, बिनधास्त घ्या, काम करते. माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार. फक्त एक गोष्ट आधीच ठासून सांगते, कॉम्प्युटरवर चित्र कसं येणार ते या स्टिकपेक्षा तुमच्या व्हीसीआरवर, म्हणजे कॅसेट लावायच्या मशीनवर, जास्त ठरतं. त्यामुळं खिशात तीन-चार हजार असतील तर भारीतली स्टिक शोधत बसू नका, साधी घ्या आणि उरलेल्या पैशात व्हीसीआर नीट करून घ्या.

आमच्याकडं पप्पांनी नव्वदच्या दशकात भरपूर रेकॉर्डिंग करून ठेवलंय. तेव्हा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेची मिरवणूक इथल्या लोकल केबलवर दाखवायचे आणि पप्पांची ड्युटी असली की आई घरी बसून रेकॉर्डचं बटण दाबायची, मधे जाहिरात लागली की पॉज, परत चालू. सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पांढरी बाराबंदी घातलेले भक्त, हिरेहब्बू वाड्यापासनं संमती कट्ट्यापर्यंतची वाट, अक्षता सोहळा, दुसऱ्या दिवशीचं होम मैदान, सगळं आहे त्यात. आमचे मोठे काका त्या वर्षांत नंदीध्वज पेलायचे आणि दोन कॅसेटमधे ते अगदी कॅमेऱ्याजवळनं जातात. काका आता पुण्यात मुलाकडं असतात, गुडघ्यांमुळं यात्रेला येणं होत नाही, नातवंडांनी तर आजोबांना बाराबंदीत कधी बघितलेलंच नाही. म्हणून हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊन लिंक पाठवायची होती. बाकी कॅसेटवर मालिका आणि मॅचेस आहेत, त्यांचं मला एवढं नव्हतं.

आधी एका स्टुडिओवाल्याकडं एक कॅसेट देऊन बघितली, नाव घेत नाही. कॅसेटमागं पैसे घेतात, पेनड्राइव्हवर देतात. दिलेल्या फाइलमधे चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, माणसं सगळी बुटकी आणि जाड, आवाज फक्त डाव्या बाजूनं, आणि कोपऱ्यात त्यांचा लोगो कायमचा छापलेला. आमच्या घरच्या कॅसेटवर दुसऱ्याचा लोगो कशाला? विचारलं तर म्हणाले, सगळ्यांना असंच देतो. चांगलं काम करणारे असतीलच, पण देण्याआधी एवढं तरी विचारा की चित्र जुन्या टीव्हीच्या आकाराचं म्हणजे फोर बाय थ्री ठेवणार का, लोगो टाकणार का, आणि मूळ मोठी फाइल देणार का. तिन्हीला नीट उत्तर आलं नाही तर कॅसेट परत पिशवीत घाला.

आता स्टिकबद्दल. नवी पेठेत घेतली. डब्यावर नुसतं यूएसबी २.० व्हिडिओ कॅप्चर एवढंच लिहिलेलं, कंपनीचं नाव कुठंच नाही. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल अशा तीन पिना आणि एक एस-व्हिडिओचं गोल सॉकेट. सोबत छोटी ड्रायव्हरची सीडी येते, ती घालायला आजकाल लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. इथं एक माहिती असू द्या, बाहेरनं एकसारख्या दिसणाऱ्या या स्टिकांच्या आत वेगवेगळ्या चिप निघतात, कुणात सिन्टेक, कुणात एम्पिया, कुणात सोमॅजिक, कुणात फुशिकाय, आणि तुमच्या विंडोजवर ती चालणार की नाही हे चिपवर ठरतं. काहींना ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या विंडोजवर त्रास देतो, काही स्टिका वेबकॅमसारख्या आपोआप ओळखल्या जातात. डबा बघून ते कळत नाही. म्हणून लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच लावून बघा, कॅमेऱ्याच्या यादीत स्टिकचं नाव आलं तरच पैसे द्या. मी तसंच केलं, दुकानदारानं दोन-तीन डबे फोडून दिले बिचाऱ्यानं, त्यातली एक लावल्या लावल्या दिसली, तीच घेतली.

आता व्हीसीआर, खरं काम इथंच आहे. नवीन व्हीसीआर मिळत नाही, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैत बनवायचं बंद केलं तेव्हाच तो विषय संपला. जे आहे ते जुनंच, तुमचं नाहीतर शेजाऱ्यांचं. आमचा व्हीसीआर चालू व्हायचा पण चित्रावर पांढऱ्या रेघा आणि कॅसेट मधेच बाहेर टाकायचा. पूर्व भागात एक वयस्कर मेकॅनिक आहेत, आयुष्यभर टीव्ही-व्हीसीआरच केलेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी झाकण उघडून आतला चकचकीत ड्रम दाखवला, जरासा तिरका बसवलेला असतो, मुठीएवढा, त्याच्या कडेला टेपवरचं चित्र वाचणारे हेड असतात, इतके बारीक की दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. मी म्हटलं कापसानं पुसू का तर हातच धरला त्यांनी. "अवो ताई, कापूस नको, धागा अडकला की हेड गेलं." शॅमॉय चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे भिजवला, ड्रमला नुसता टेकवून धरला आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरनं हळूहळू फिरवला. चामडं वर-खाली अजिबात हलवायचं नाही, आडवंच, नाहीतर हेड तुटतं. चामड्यावर तपकिरी काळी रेघ उमटली, ती म्हणजे टेपवरनं सुटलेला थर. मग रबराची पिंच रोलर पुसली, एक पट्टा ढिला झालेला तो बदलला. घरी येऊन तीच कॅसेट लावली तर पहिल्यांदा नंदीध्वजावरचे झुले वेगवेगळे दिसले, आधी नुसता रंगाचा गोळा दिसायचा. स्टिक तीच, केबल तीच. म्हणून म्हणते पैसे इथं घाला.

कॅसेटचंही बघा जरा. सोलापूरची हवा कोरडी आहे त्यामुळं कोकणातल्यासारखी बुरशी आमच्या कॅसेटना फारशी नाही, पण इथला उन्हाळा, एप्रिल-मेमधे चाळिशीच्या वर पारा आणि कॅसेट ठेवलेल्या पत्र्याखालच्या माळ्यावर, त्यानं टेप आक्रसते, वाकडी होते. बुरशी असली तर खिडकीतनं टेपच्या रिळावर पांढरी भुकटी दिसते, तशी कॅसेट व्हीसीआरमधे घालूच नका, ती भुकटी हेडला लागते आणि तिथनं पुढच्या कॅसेटला. बाकीच्या कॅसेट माळ्यावरनं काढून एक दिवस खोलीत ठेवा, मग लावा. लावल्यावर लगेच प्ले करू नका, एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड, मग पूर्ण रिवाइंड, इतकी वर्षं एकाच जागी चिकटून बसलेली टेप त्यानं मोकळी होते आणि सारखी गुंडाळली जाते. आणि कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची टिकली असते ती स्क्रू ड्रायव्हरनं तोडून टाका, ती नसली की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्ड करूच शकत नाही. घरात पोरं असतील तर हे सगळ्यात आधी करा.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या मागं एव्ही आउट असतं तिथनं पिवळी चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. जुन्या मोनो व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असतं, तेव्हा पांढरी लावायची आणि आवाज पुढं सॉफ्टवेअरमधे मोनो करून दोन्हीकडं घ्यायचा, स्टुडिओवाल्यानं हेच केलं नव्हतं. एस-व्हिडिओ आपल्या साध्या व्हीएचएसला नसतं, ते सॉकेट तसंच राहू द्या. स्टिक सरळ लॅपटॉपच्या पोर्टमधे, मधे यूएसबी हब नको.

सॉफ्टवेअर म्हणून मी ओबीएस स्टुडिओ वापरलं, फुकट आहे, लोक त्यावर गेमिंग लाइव्ह करतात तेच. सीडीवर आलेल्या सॉफ्टवेअरच्या नादाला लागू नका, ते चित्र फार दाबून टाकतं. ओबीएसमधे व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस असा सोर्स घ्यायचा आणि स्टिक निवडायची. आणि इथं बहुतेक जण अडकतात. चित्र येतं पण काळंपांढरं, वर-खाली पळतंय, नाहीतर खालचा भाग कापलेला, आणि लोक म्हणतात स्टिक खराब. स्टिक खराब नसते, ती अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीवर सेट होऊन आलेली असते. आपल्याकडं पाल. पालमधे ६२५ रेघा, त्यातल्या चित्राच्या ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीमधे चित्राच्या ४८० रेघा आणि जवळपास ३० फ्रेम. सोर्सच्या प्रॉपर्टीजमधे कॉन्फिगर व्हिडिओ म्हणून बटण आहे, त्यात व्हिडिओ डिकोडर, तिथं पाल बी निवडायचं. मग रिझोल्यूशन कस्टम करून ७२० × ५७६. एवढं केलं की रंग भरतात आणि चित्र जागेवर थांबतं. काही स्टिकांमधे ही खिडकीच उघडत नाही, ती स्टिक परत करा, दुकानात लावून बघताना हेही बघून घ्या.

पुढची गोष्ट इंटरलेसिंगची, ती कुणी सांगत नाही आणि त्यामुळंच नेटवरची जुनी रेकॉर्डिंग इतकी वाईट दिसतात. जुना टीव्ही एक फ्रेम एकदम दाखवत नव्हता, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या, असे सेकंदाला ५० अर्धे भाग. डब्बा टीव्हीवर ते बरोबर दिसायचं. कॉम्प्युटरचा पडदा मात्र दोन्ही अर्धे एकत्र दाखवतो आणि मधल्या वेळात जे हललं त्याच्या कडेला फणीचे दात दिसतात. आमच्या कॅसेटमधे हे फार स्पष्ट कळलं. नंदीध्वज उंच काठी, पेलणारा माणूस चालतो तशी वरनं डोलते, आणि डोलली की पूर्ण काठीला करवतीसारख्या कडा, स्थिर उभी राहिली की एकदम स्वच्छ. ओबीएसमधे सोर्सवर राइट क्लिक केलं की डीइंटरलेसिंग असतं, त्यात याडिफ टू एक्स निवडा आणि ओबीएसची फ्रेम रेट ५० ठेवा. २५ ठेवली तरी दात जातात पण हालचाल अर्धी होते, मिरवणुकीत फरक जाणवतो, ५० ला काठी कशी हळू डोलते, झुल्यांचे गोंडे कसे मागं राहतात ते खरंखुरं दिसतं. फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या भागांचा क्रम चुकीचा असेल तर चित्र पुढं-मागं थरथरतं, मग टॉपच्या जागी बॉटम निवडायचं, संपलं.

तसंच चित्राचा आकार. ७२० × ५७६ असं जसंच्या तसं दाखवलं तर माणसं किंचित बारीक आणि उंच दिसतात कारण टीव्हीचे पिक्सेल चौकोनी नव्हते. ते फोर बाय थ्रीमधे म्हणजे ७६८ × ५७६ किंवा मोठं करायचं तर १४४० × १०८० मधे बसवायचं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, येऊ द्या. पट्ट्या घालवायला चित्र ताणू नका आणि वरचं-खालचं कापू नका, नंदीध्वजाचं टोक कापलं तर राहिलं काय. फक्त अगदी खालच्या आठ-दहा रेघांवर फाटल्यासारखी लुकलुकणारी पट्टी दिसते, ती हेड बदलतानाची, जुन्या टीव्हीत ती कडेमागं लपायची, तेवढी क्रॉप केली तर चालते.

आवाज. स्टिकचा आवाज विंडोजला मायक्रोफोन म्हणून दिसतो, म्हणून विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमधे मायक्रोफोनची परवानगी चालू हवी, आणि ओबीएसच्या सोर्समधे कस्टम ऑडिओ डिव्हाइसवर टिक करून स्टिकच निवडायची, नाहीतर लॅपटॉपच्या माइकमधनं घरातला मिक्सर रेकॉर्ड होतो. आणखी एक तपासणी मी सगळ्या कॅसेटला केली. मिरवणुकीत हलगी असतेच. सुरुवातीला हलगीवर काडी पडताना आवाज बरोबर येतो का बघायचं आणि मग तास-दीड तासानंतरची हलगी बघायची. आमच्या एका कॅसेटमधे शेवटी शेवटी काडी आधी पडायची आणि आवाज मागनं. जुन्या टेपचा सिग्नल मधेच तुटतो, स्टिक तेवढ्या फ्रेम सोडून देते, आवाज मात्र चालूच राहतो, म्हणून चित्र पुढं पळतं. महागड्या स्टुडिओ मशीनमधे यासाठी टाइम बेस करेक्टर असतो, या स्टिकमधे नाही, माझा कापलेला एक स्टार त्याचाच. उपाय म्हणजे ज्या जागी टेप तुटक आहे तिथं फाइल तोडून वेगवेगळे तुकडे घ्यायचे, प्रत्येक तुकडा स्वतःच्या सुरुवातीपासनं जुळलेला राहतो. किती फ्रेम सुटल्या हे आकड्यात बघायचं असेल तर व्हर्च्युअलडब नावाचं जुनं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कॅप्चर करताना मोजून दाखवतं, ओबीएस हे दाखवत नाही.

एक गोष्ट पक्की समजून घ्या, तीन तासांची कॅसेट घ्यायला तीन तासच लागतात. ई-१८० म्हणजे १८० मिनिटं, तेवढा वेळ लॅपटॉप झोपायला नको, अपडेट चालू व्हायला नको, आणि लाइट जायला नको. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारच्या फाइलमधे ठेवा, लाइट गेली तरी तोपर्यंतची फाइल वाचते, नंतर ओबीएसमधनंच एमपीफोर करता येते. मी एच.२६४ मधे ८ एमबीपीएसला घेतलं, तासाला साधारण साडेतीन जीबी होतात, म्हणजे एका कॅसेटला दहा-अकरा जीबी. ज्यांना अजिबात तडजोड नको त्यांनी लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता घ्यावं पण तासाला पंचवीस-तीस जीबी जागा लागेल आणि डीइंटरलेसिंग नंतर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधे करावं लागेल. घरगुती कॅसेटला पहिलं पुरतं, पण ज्यात तुमचं माणूस आहे तो भाग तरी लॉसलेस घेऊन एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. काकांचे ते दोन तुकडे मी तसेच ठेवलेत.

पाठवायचं कसं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकला तर दाबून दाबून परत तोच गोळा होतो, डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत जातो. यूट्यूबवर टाकणार असाल तर अकाउंट फोन नंबरनं व्हेरिफाय करा, नाहीतर १५ मिनिटांच्या वर घेत नाही, व्हेरिफाय केलं की १२ तासांपर्यंत. आणि मघाशी १४४० × १०८० म्हटलं ते यासाठीच, यूट्यूब ५० फ्रेमची हालचाल ७२० आणि त्यावरच्या क्वालिटीलाच दाखवतं, ५७६ ची फाइल टाकली तर अर्ध्या फ्रेम फेकून देतं आणि चित्रही जास्त दाबतं. मोठं करून टाकल्यानं नवीन बारकावे येत नाहीत हे खरं, पण आहेत ते टिकतात. घरच्यांपुरतं असेल तर अनलिस्टेड ठेवा, ज्याच्याकडं लिंक त्यालाच दिसतं. मी मिरवणुकीचे भाग अनलिस्टेडच ठेवलेत, कारण त्यात बाकीच्यांच्या घरची माणसंही आहेत आणि ज्या केबलवाल्यांनी ते चित्रण केलं त्यांची मेहनत आहे, त्यांची परवानगी मिळाली की सगळ्यांसाठी उघडं करीन.

परवानगीचं जरा गांभीर्यानं घ्या. कॅसेट आपली असली तरी त्यावरचा कार्यक्रम आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ प्रमाणं प्रसारण करणाऱ्याचा हक्क, प्रसारण झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासनं २५ वर्षं राहतो, आणि त्यात जे सिनेमे, गाणी असतील त्यांचा हक्क वेगळा, सिनेमाचा तर प्रदर्शनानंतरच्या वर्षापासनं ६० वर्षं. घरी बघायला कुणी अडवत नाही, पण मालिका, मॅचेस, सिनेमे रेकॉर्ड करून नेटवर टाकू नका, यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि क्लेम नाहीतर ब्लॉक येतो. आमच्या एका तुकड्यात मागं लाउडस्पीकरवर सिनेमातलं गाणं वाजत होतं तर तेवढ्यावर क्लेम आला. क्लेम म्हणजे नुसता हक्काचा दावा, स्ट्राइक नव्हे, घाबरायचं कारण नाही, यूट्यूबच्याच एडिटरमधे तेवढ्या भागाचा आवाज बंद करता येतो. मी तो भागच कापला, कारण पुढं लगेच "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" चालू होतं आणि ते कुणी म्यूट केलेलं मला चाललं नसतं.

सेट टॉप बॉक्सबद्दलही लोक विचारतात, म्हणजे आत्ताच्या टीव्हीवरनं पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केलेलं कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं. ती फाइल लॉक केलेली असते, त्याच बॉक्सवर चालते, कॉम्प्युटरवर उघडतच नाही. बॉक्स बिघडला, बदलला, की रेकॉर्डिंग गेलं. एचडीएमआयमधनं घ्यायला गेलं तर एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं, काळा पडदा येतो. पण बॉक्सला एव्ही आउट असेल तर तिथनं हीच स्टिक लावून घेता येतं, लोकल चॅनलवर तुमच्या पोराचं बक्षीस समारंभाचं काही आलं असेल तर तेवढ्यासाठी पुरे. बॉक्सची ती वायर बऱ्याचदा हेडफोनसारख्या एका पिनेतनं तीन पिनांची असते आणि त्यात पिवळी-लालची जागा कंपनीगणिक वेगळी असते. चित्र आलं नाही तर वायर खराब म्हणून टाकू नका, लाल पिन पिवळ्या भोकात लावून बघा.

दुकानात तुम्हाला आणखी एक जोडी दाखवतील, एव्ही टू एचडीएमआय डब्बी आणि पुढं एचडीएमआय कॅप्चर. हे घेऊ नका. जुळे सोलापुरातल्या मैत्रिणीनं घेतलं होतं, आम्ही दोन्ही शेजारी लावून बघितलं. या स्वस्त डब्ब्या बहुतेक ६० हर्ट्झला चित्र बाहेर देतात, आपलं पाल ५० चं, त्यामुळं मधे मधे फ्रेम दोनदा येते आणि चालणारा माणूस दर थोड्या वेळानं गचका खातो. शिवाय चित्र डब्बीतच सोळा बाय नऊला ताणलं जातं. तेवढ्याच पैशात किंवा कमीतच ही साधी स्टिक मिळते.

आणखी दोन तक्रारी. केबल फार आखूड आहे, लॅपटॉप व्हीसीआरच्या मांडीला मांडी लावून ठेवावा लागतो आणि जुना व्हीसीआर तापतो, त्याच्या डोक्यावर लॅपटॉप ठेवू नका, आमचा दीड तासात हाताला चटका बसेल एवढा गरम झाला होता. आणि स्टिकवरचं जे छोटं बटण आहे ते कशालाच चालत नाही. रंग किंचित फिके येतात, ओबीएसमधे कलर करेक्शनचा फिल्टर लावून सॅच्युरेशन थोडं वाढवलं की ठीक होतं, फार वाढवू नका, हळदीचा रंग केशरी व्हायला लागतो.

छोट्या हँडीकॅमच्या कॅसेट असतील त्यांना मात्र हे सगळं लागू नाही. व्हिडिओ-एट आणि हाय-एटच्या कॅसेटना त्याच प्रकारचा कॅमेरा लागतो, तो चालू असेल तर एव्ही वायरनं ही स्टिक चालते. मिनी डीव्ही असेल तर स्टिक वापरू नका, ती मुळातच डिजिटल आहे, फायरवायर केबलनं जशीच्या तशी उतरते, तासाला १३ जीबी, आणि त्यासाठी फायरवायर पोर्टवाला जुना कॉम्प्युटर शोधा, नसला तर पीसीला कार्ड बसवून मिळतं.